तीन नंबरचा मतदार

…आणि वर मलाच म्हणतात, "बाबा, एवढं काय ठरवायचंय त्यात, एक गोल तर काळा करायचाय." आता तुम्हाला सांगतो, गोल काळा करायला मला कोण शिकवणार? बेचाळीस वर्षं भिंती रंगवल्या मी, बार्शीत आणि बार्शीच्या चहूबाजूंनी, चुना, नीळ, गेरू, हातात ब्रश आणि पायाखाली डुगडुगणारी शिडी. शाळा चौथीपर्यंत, तीपण धड नाही, अक्षरं शिकलो ती भिंतीवरच. पण 'प्रचंड बहुमताने विजयी करा' एवढं मी झोपेत लिहीन, आणि 'प्रचंड'च्या डोक्यावरचा ठिपका असा गरगरीत काढीन की एका उमेदवाराने ओल्या रंगावर बोट ठेवून बघितलं होतं, खरंच हाताने काढलाय का म्हणून. बोट निळं घेऊन गेला सभेला. तेव्हा गोल काळा करायचा प्रश्नच नाही. कुणाचा करायचा, हा प्रश्न आहे. आणि माझं अजून ठरलेलं नाही.

बसा हो, बसा, प्रसादाला वेळ आहे. आरती झाल्याशिवाय ते काही झाकण उघडत नाहीत, आणि आरतीवाले अजून पार्किंग शोधतायत. रविवारचे हे देवळातले दोनच तास मला ऐकणारी माणसं मिळतात, तेव्हा आता उठू नका.

तर इथली, अमेरिकेतली, पद्धतच उलटी. खरी निवडणूक लांब आहे, नोव्हेंबरात. पण त्याच्या आधी आत्ता, पक्षातल्या पक्षात एक निवडणूक, की बाबा आपला उमेदवार कोण उभा करायचा? आपल्याकडं तिकीट कुणाला ते मुंबईत बंद खोलीत ठरतं आणि गावाला कळतं ते थेट भिंतीवर. लिहिणारा मीच, म्हणून मला गावाच्या आधी तासभर कळायचं, राजकारणातला माझा मान तेवढाच. आणि इथं? अमेरिकेच्या अध्यक्षपदाला कोण उभा करू हे मला विचारतात. मला! गेल्या वर्षी दुभाषा शेजारी बसवून नागरिकत्वाची परीक्षा दिली, हात वर करून शपथ घेतली, वाटलं आता सुटलो, आता कुणी काही विचारणार नाही. तर पोराने लगेच पक्षाच्या यादीत नाव घातलं, आणि घरी पाकीट आलं पोस्टाने. मतपत्रिका! पोस्टाने! ना रांग, ना शाळेचा वर्ग, ना बोटाला शाई. लोणच्याच्या बरणीला टेकवून मतदान करायचं, जेवणाच्या टेबलावर. शाई नाही तर कळणार कसं माणसाने मत दिलं ते? चिंच चोळून शाई घालवायचो आम्ही, आणि इथं लावायलाच कुणी नाही.

आमचा संजीव, तुम्ही ओळखता, तो चिपच्या फॅक्टरीत मोठा इंजिनियर. त्याने शनिवारी सकाळी दहा ते सव्वादहा माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. फोनमधल्या कॅलेंडरात लिहिलेलं मी बघितलं, 'बाबा, बॅलट'. आधी 'गाडीचं ऑइल', मग मी, मग 'कॉल'. पंधरा मिनिटं. बापाला. असो. बसला लॅपटॉप उघडून. तीन जण मुख्य. एक तो दातवाला. नाव मला येत नाही, पण दात असे की नवीन चुन्याची भिंत. कुठल्याशा राज्याचा गव्हर्नर होता, हसतो आणि बोलतो काहीच नाही. दुसरा एक मास्तर, टाय कायम वाकडा, बोलायला लागला की तास संपल्याशिवाय सोडत नाही. आणि तिसरी ती बाई. ती बाई मला बरी वाटली, खरं सांगतो. कुणी आडवं बोललं की खालमानेने ऐकून घेते आणि मग असं एक वाक्य टाकते की समोरचा पाणी पितो.

मी म्हणलं, ही बाई बरी आहे. संजीव म्हणाला, "बाबा, मलापण तीच आवडते. पण ती इलेक्टेबल नाहीये." म्हणलं म्हणजे काय? तर म्हणाला, निवडून येणारी नाही, लोक तिला मत देणार नाहीत. म्हणलं कोण लोक? तो लॅपटॉपकडं बघून म्हणाला, "लोक म्हणजे… बाकीचे." मी म्हणलं बाकीच्यांना विचारलंस का? तेवढ्यात सव्वादहा वाजले. उठला, "दातवाल्याला द्या बाबा, सेफ आहे," म्हणाला, आणि कानात ते फोनचं पांढरं बोंड घालून गेला.

मग सुमेधाला विचारलं. सून माझी, वाईट नाही हो, पण घरूनच काम करते आणि डोक्याला ते यंत्र लावून असते. सकाळी म्हणते, "झालं का जेवण?" मी म्हणतो, हो, आत्ताच झालं, भाजी जरा… तर हात करून गप्प करते, ती पुण्याच्या कुणाला तरी विचारत असते. तिकडं रात्रीची जेवणं झालेली असतात. माझ्याशी बोलायचं असलं की ती ते यंत्र काढते, म्हणून मी तिच्या कानाकडं बघत बसतो. तर यंत्र काढलं तिने, म्हणाली, "मलापण बाईच आवडतात बाबा, पण ह्या वेळी रिस्क नको. लोकांचा काही भरवसा नाही." परत लोक! म्हणलं, हे लोक राहतात कुठं?

तुम्हाला सांगतो, मी गेलो विचारायला. शेजारी गॅरी म्हणून आहे, माझ्याच वयाचा, बायको मुलाकडं गेलीय म्हणे, ती चार वर्षं आलेली नाही, रोज दुपारी नळी घेऊन खडीला पाणी घालतो. खडीला! आपल्या ह्या चँडलरला, वाळवंटातल्या गावात, अंगणात गवत कुणाच्याच नाही, सगळी खडी आणि दोन काटेरी झाडं, पण ह्याला सवय लागलीय. त्याच्या खडीत दातवाल्याची पाटी रोवलेली. बारा वर्षं आम्ही एकमेकांना हात करतो, बोललो कधीच नाही. मी गेलो, पाटीवर बोट ठेवलं, म्हणलं, "गॅरी, यू लाइक?" तो नळी खाली ठेवून म्हणाला, म्हणजे मला समजलं तेवढं, की खरं सांगायचं तर त्याला ती बाई आवडते. पण इकडचे लोक तिला मत देणार नाहीत. आणि 'इकडचे लोक' म्हणताना त्याने हात कुठं केला माहितीय? आमच्या घराकडं.

म्हणजे लोक ते आम्ही निघालो! सगळ्या गल्लीला बाई आवडते आणि सगळी गल्ली मत देणार दातवाल्याला, कारण शेजारी काय करील त्याची भीती, आणि शेजाऱ्याला विचारायची कुणाची छाती नाही, छाती जाऊ द्या, तोंडओळख नाही. मी घरी येऊन हे संजीवला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, एका गॅरीवरून डेटा होत नाही." मी म्हणलं, मग माझं अजून ठरलेलं नाही.

निवडून येणारा! अहो, मी किती निवडून येणारे रंगवलेत! एकदा पक्षाने आमच्याकडं असाच एक दिला, निवडून येणारच म्हणून, सहा फूट उंच, पांढरी गाडी. सव्वाशे भिंती केल्या मी त्याच्या, दोन ब्रश झिजले. आपटला! असा आपटला की अनामत गेली. आणि एक गोष्ट सांगतो, जिंकलेल्याची भिंत पाच वर्षं राहते, पावसाने फिकी होते पण राहते. पडलेल्याची भिंत लोक आठ दिवसांत पुसतात. जे घरमालक "माझ्याच भिंतीवर लिहा" म्हणून मागं लागले होते, तेच बादली घेऊन उभे. आणि पुसायला कुणाला बोलावणार? मलाच. लिहिलं मीच, पुसलं मीच.

आता फोनचं सांगतो. खरी गोष्ट तीच आहे.

ते पाकीट आलं त्याच आठवड्यात दुपारी चारला फोन वाजला. माझा फोन वाजत नाही हो सहसा. वाजला तर औषधाच्या दुकानातली टेप असते. उचलला तर बाईचा आवाज, आणि शुद्ध मराठी, शुद्ध म्हणजे नागपूरची. "नमस्कार जी, मी लता बोलून राहिली, रेडमंडवरून. काय करून राहिले भाऊ?" रेडमंड म्हणजे इथून लांब, वर उत्तरेला. मला आठवेना मला हे शेवटचं कुणी कधी विचारलं होतं. म्हणलं, काही नाही, बसलोय. तर ती दातवाल्याची स्वयंसेवक निघाली. त्यांच्या पक्षाच्या कचेरीने मराठी आडनावांची यादी करून तिला दिलेली, एकशे चाळीस माणसं, कुठं कुठं पसरलेली, आणि ह्या बाईने घरी बसून यंत्रातून फोन लावायचे. विचारलं तिने, मत कुणाला? मी म्हणलं, माझं अजून ठरलेलं नाही. आणि तुम्हाला सांगतो, ते त्या दिवशी खरं होतं.

ती म्हणाली, ठीक आहे, तुम्हाला तीन नंबरात टाकते. त्यांच्यात नंबर असतात. एक म्हणजे पक्का आपला, त्याला परत फोन नाही. पाच म्हणजे पक्का दुसऱ्याचा, त्यालाही फोन नाही. तीन नंबर म्हणजे कुंपणावरचा. त्याला दर तीन दिवसांनी फोन.

दर तीन दिवसांनी!

आता मला सांगा, एवढं कळल्यावर कुठला शहाणा माणूस एक नंबरात जाईल?

दुसऱ्या फोनला तिने दातवाल्याचं सगळं वाचून दाखवलं, शाळा, दवाखाने, रस्ते. मी प्रत्येकाला हं म्हणलं आणि शेवटी म्हणलं, रस्त्याचं नीट कळलं नाही, परत सांगा. तिसऱ्याला ती म्हणाली तिकडं पाऊस सुरू आहे, दहा दिवस झाले, लेक-जावई सकाळी बसने जातात ते अंधार पडल्यावर येतात, आणि सांडगे वाळत नाहीत. मी म्हणलं, इकडं पाठवा सांडगे, इकडं ऊन वायाच चाललंय. हसली. चौथ्याला मी विचारलं, ताई, तुम्हाला स्वतःला हा दातवाला आवडतो का? आधी तिने आवाज खाली केला. मग म्हणाली, "आवडते तर ती बाई, भाऊ. पण हा निवडून येते म्हणतात ना सगळे." घ्या. रेडमंडलापण गॅरीच!

पाचव्याला म्हणाली, माझ्या यादीतल्या सगळ्यांचं ठरलं जी, तीन नंबरात तुम्ही एकटेच राहिले. म्हणलं, मी बारकाईने विचार करणारा माणूस आहे.

आता खरं सांगू? ठरलं होतं. पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. बाई. पण सांगितलं असतं तर पाच नंबरात गेलो असतो. आणि खोटं बोलून दातवाला सांगितला असता, तर एक नंबरात गेलो असतो. इथं माणसाने काही ठरवलं की त्याच्याशी बोलायची कुणाला गरज उरत नाही, म्हणून ठरवायचंच नाही. संजीव रोज विचारायचा, "बाबा, पाकीट टाकलं का?" मी म्हणायचो, माझं अजून ठरलेलं नाही. पाकीट पोचलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या पक्षकचेऱ्यांच्या यंत्रात दिसतं म्हणे, ह्या माणसाचं झालं, नाव खोडा. संजीवच म्हणाला. त्याला वाटलं तो मला लोकशाही समजावून सांगतोय.

तुम्ही म्हणाल, अहो मग त्या बाईचा नंबर मागून घ्यायचा. यंत्रातून फोन लागतो ना, दर वेळी निराळाच नंबर दिसतो, उलटा केला तर लागत नाही. तिच्याकडंच मागायला हवा. आता एकोणऐंशीव्या वर्षी मी बाईचा फोन नंबर मागू? आमची शरयू वरून बघत असेल. सहा वर्षं झाली तिला जाऊन. फोन तीच घ्यायची घरात, राँग नंबर लागला तरी दहा मिनिटं बोलायची, मी ओरडायचो. आता वाटतं, बोलू द्यायला हवं होतं, त्यातले एक-दोन तरी परत फोन करणारे निघाले असते.

शरयूचं एक सांगतो, मग उठा. चाळीस वर्षं माझ्याबरोबर मतदानाच्या रांगेत उभी राहिली. मत कुणाला दिलंस, कधी सांगितलं नाही. मी म्हणायचो, अगं मी भिंती रंगवतो, वारं मला कळतं, विचारून दे. नाही. शेवटी इथं दवाखान्यात होती, नळ्या लावलेल्या, करमत नव्हतं, मी परत विचारलं. तर म्हणाली, "तुम्ही ज्याची भिंत पुसून यायचा ना, त्याला." म्हणलं, म्हणजे दर वेळी पडणाऱ्याला? मतं वाया घालवलीस एवढी? म्हणाली, "त्याच्याही घरी आकडा वाचतात हो. त्यात एक तरी मनापासूनचं असू दे." एवढं बोलून कूस बदलली. मी खुर्चीत बसून सव्वाशे भिंती मोजत राहिलो.

असो. तर काय झालं, गेल्या सोमवारी टीव्हीवर दातवाला आला, बायको शेजारी, हसला, आणि म्हणाला मी माघार घेतो. का? तर कुठल्या तरी दोन राज्यांत लोकांनी त्याला मतंच दिली नाहीत. निवडून येणारा! पक्षातल्या पक्षात पडला! मतपत्रिकेवर नाव अजून छापलेलं, आणि माणूस घरी. मंगळवारी सकाळी बघतो तर गॅरीच्या खडीतली पाटी गेलेली. आठ दिवस पण नाही, एका रात्रीत. संजीव म्हणाला, "आता मास्तर इलेक्टेबल आहेत बाबा." जेवताना म्हणाला, भात वाढून घेता घेता. सुमेधा म्हणाली, हो, आता तेच सेफ.

मला त्याचं काही नाही. मला आठवला बुधवार. बुधवारी चारला लताबाईंचा फोन यायचा होता. पण दातवालाच नाही तर त्याची कचेरी कसली आणि स्वयंसेवक कसले? फोन चार्जिंगला लावून समोर बसलो. चार वाजले. साडेचार. सुमेधा पलीकडून म्हणाली, "मी आहे ना, बोला ना," आणि मी उठून उभा राहिलो, तर ती ऑफिसातल्या कुणाला म्हणत होती. गुरुवार नाही. शुक्रवार नाही.

काल शनिवार. म्हणलं, आता कुणासाठी तीन नंबरात राहायचं? काढलं पाकीट. चष्मा पुसला, हात टेबलावर टेकवला, आणि बाईच्या नावापुढचा गोल भरला. पेनने भरला, पण असा भरला की रेषेबाहेर केसभर शाई नाही. शरयूने बघायला हवा होता. संजीवने गेल्या आठवड्यात फुली करून ठेवली होती तिथं सही केली, पाकीट चिकटवलं, आणि चालत गेलो कोपऱ्यावरच्या टपालाच्या खोक्यांपाशी. पोस्टमन गाडी घेऊन उभाच होता, त्याच्या हातात दिलं. परत येताना गॅरी खडीला पाणी घालत होता. बोटाला शाई नव्हती, तरी मी त्याला बोट दाखवलं. त्याने हात केला. तीन वाजून चाळीस मिनिटं.

चार वाजता फोन वाजला.

"नमस्कार भाऊ, लता बोलून राहिली. काय करून राहिले?"

ती म्हणाली, ती कचेरी बंद झाली जी, म्हणून बुधवारी जमलं नाही. आता मास्तरांच्या कचेरीत नाव दिलं. त्यांनी नवीन यादी दिली तर म्हणलं, माझा एक जुना आहे चँडलरचा, तीन नंबरचा, त्याचं नाव मलाच द्या. मागून घेतलं म्हणे माझं नाव. कधी ऐकलंय? अहो, लग्नातसुद्धा शरयूच्या बापाने दोन ठिकाणी नकार आल्यावर माझं नाव काढलं होतं.

मग विचारलं तिने, "ठरलं का हो भाऊ?"

पोस्टाची गाडी अजून आमच्याच गल्लीत होती, मला खिडकीतून दिसत होती, पांढरी. मी म्हणलं, नाही. माझं अजून ठरलेलं नाही.

तर म्हणते कशी, "बरं झालं. ठरवू नका जी इतक्यात. घाई काय आहे."

आता बघा. शनिवारी टाकलेलं पाकीट इथं मंगळवारी पोचतं. आपल्याकडचं पोस्ट असतं तर दिवाळीपर्यंत बोललो असतो, पण ह्या देशात नको तिथं सगळं वेळेवर! मंगळवारी चारला तिचा फोन. बुधवारी यंत्रात दिसणार, ह्या माणसाचं झालं, नाव खोडा. आणि तिला कळणार की म्हातारा खोटं बोलला. म्हणजे एकच फोन उरला. त्यात तिने मास्तरांचं सगळं वाचून दाखवायचं, मी हं म्हणायचं, आणि मधेच कुठं तरी, सांडग्यांच्या आसपास, नंबर मागायचा.

मागू का? उठलात होय… जा, जा, झाकण उघडलं वाटतं. माझं काय विचारता, माझं अजून ठरलेलं नाही.